दोरी बघून घेतलेलं घर

परवा आईला घेऊन एक फ्लॅट बघायला गेले होते. दाखवणारे गृहस्थ लिफ्टचं, पार्किंगचं, चोवीस तास पाण्याचं कौतुक करून दमले. मी आपली मान डोलावत होते आणि मनातल्या मनात हप्त्याचा हिशेब करत होते. आई मात्र हॉलच्या काचेला नाक लावून समोरच्या इमारतीकडे बघत उभी होती.

"अहो, इथली माणसं कपडे कुठे वाळत घालतात?" तिने विचारलं.

"बाहेर घालायला परवानगी नाही, आजी. आतच घालायचे. बाहेरून कसं स्वच्छ दिसलं पाहिजे."

आई माझ्याकडे वळली. "मग इथे कोण राहतं ते कळायचं कसं?"

त्या गृहस्थांना वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. मला मात्र हसू आलं. कारण ज्या घरात मी वाढले ते घर आईने लोकांच्या दोरीवरचे कपडे बघूनच निवडलं होतं. आणि निवडताना अशी काही चूक केली होती की ती फक्त शिवणकाम करणाऱ्या बाईच्याच हातून व्हावी.

तेव्हा आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहायचो. बाबा छापखान्यात अक्षरं जुळवायचे, आई घरी मशीनवर शिवायची. मशीन चालू असलं की जमिनीवर ठेवलेली माझी पेन्सिल आपोआप घरंगळायची, एवढी ती खोली लहान. मालकाने खोली सोडायला सांगितली तेव्हा आईने जाहीर केलं, की आता भाडं नाही, आता स्वतःचं घर. ठरलं ते असं: बाबांच्या पगारात आम्ही जेवायचं आणि घराचा हप्ता मशीनने फेडायचा. मशीन थांबलं तर घर गेलं. हे आई मलासुद्धा सांगायची, अगदी भाजी निवडता निवडता, जसं काही पावशेर वाटाण्याबद्दल बोलतेय.

मग दर रविवारी आमची वरात निघायची. पुढे मामा, म्हणजे आईचा मोठा भाऊ. त्याने स्वतः कधी घर घेतलं नव्हतं, पण घर कसं घ्यावं यावर तो जेवणं विसरून बोलायचा. तो नळ सोडून बघायचा, भिंतींवर टिचक्या मारायचा, बसथांबा किती लांब आहे ते पावलं टाकून मोजायचा. बाबा मागे हात बांधून दुकानांच्या पाट्यांतल्या चुका शोधायचे. आणि आई रस्त्याच्या मधोमध मान वर करून उभी राहायची, लोकांच्या गॅलऱ्यांकडे टक लावून.

"अगं, लोकांच्या चड्ड्या काय बघतेस!" बाबा शरमेने अर्धे व्हायचे. "चल ना पुढे."

"गप्प बसा हो. मला वाचू दे."

एक वस्ती कारखान्याजवळ होती. स्वस्त होती, खोल्याही दोन होत्या. आईने दोरीकडे पाहिलं आणि मान हलवली. पांढऱ्या चादरी सगळ्या राखाडी. "धुतलेलं पुन्हा धुवावं लागतंय यांना. पोरीच्या छातीत जाईल ही काजळी." दुसरी वस्ती नवी कोरी होती, रस्ते रुंद, झाडंसुद्धा रांगेत उभी. मामा खूश. आई म्हणाली, "सगळे कपडे नवे आहेत, दादा. एकाही कपड्याला दुरुस्तीचा टाका नाही. म्हणजे इथे फाटलं की फेकतात. इथे माझं काय काम?"

"तू घर घेतेयस की गिऱ्हाईक?" मामा वैतागला.

"दोन्ही."

आणि मग ती गल्ली आली. जुनी, अरुंद, चारमजली इमारतींची. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांमध्ये आडव्या दोऱ्या, त्या ओढायला गंजकी कप्पी, आणि वर कपडेच कपडे. आभाळ म्हणून जे काही होतं ते शर्टांच्या बाह्यांमधून दिसेल तेवढंच. आई थांबली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. देवळात गेल्यावर काही लोकांचा होतो तसा झाला होता.

"तो फ्रॉक बघ," ती मला म्हणाली. "दुमड उसवून लांबी वाढवलीय. आधीच्या दुमडीची रेघ दिसतेय ना, फिकट? आणि ती उशी बघ, उशीचा अभ्रा. तिथे रफू आहे. नाही दिसत? मलाही आधी दिसलं नाही. काय हात आहे! आणि ती कॉलर, उलटवून लावलेली. अगं, इथली माणसं कपडा टाकत नाहीत. जपतात. अशी माणसं माणसांनाही जपतात."

वरच्या मजल्यावरचं रिकामं घर दाखवलं तेव्हा आईने स्वयंपाकघरात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. खिडकीतून उजेड कुठे पडतो ते बघितलं, मशीन तिथे ठेवायचं हे बोटाने दाखवलं, आणि संपलं.

"अगं, नळ तरी सोडून बघ!" मामा ओरडला.

"तू सोड. मी घेतलं."

आम्ही राहायला आलो. आईने जिन्यापाशी पाटी लावली: शिवणकाम करून मिळेल. बाबांनी ती स्वतः छापून आणली होती, ठळक टाइपात, एकही चूक नाही. मशीनला तेल पाजलं, कात्रीला धार लावली, टेप गळ्यात घातली. आणि आई वाट बघत बसली.

कुणी आलं नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. माणसं भली होती, येता जाता हसायची, घर लागलं का विचारायची. पण हातात कपडा घेऊन कुणी जिना चढेना. आई माझेच फ्रॉक उसवून पुन्हा शिवू लागली. जेवताना बाबांनी हप्त्याचा 'ह' काढला तरी तिचा घास हातातच राहायचा.

शेवटी समोरच्या दारातल्या काकू गप्पा मारायला आल्या. आईने चहा टाकला आणि अगदी आडून आडून विचारलं, "तुमच्याकडे शिवणाचं कसं करतात हो?"

"शिवणाचं? ते आमचे दोरेबाबा बघतात की! तळमजल्यावर, खिडकीत बसतात ना, ते. अख्ख्या गल्लीचं तेच बघतात. आणि पैसे विचाराल तर एक पैसा घेत नाहीत. फुकट!"

आई चहा गाळत होती. चहा कपात पडायचा थांबून बशीत पडू लागला. काकू "अहो, सांडतोय, सांडतोय" म्हणत होत्या, आणि आई खाली बघत होती. आज मला कळतं तिला काय दिसत असेल. तो फ्रॉक, तो अभ्रा, ती कॉलर. सगळं एकाच हातचं होतं. ज्या कामावर भाळून तिने होतं नव्हतं ते सगळं या घरात ओतलं, तेच काम तिचं गिऱ्हाईक खाऊन बसलं होतं. अख्खी गल्लीच जपणाऱ्या माणसांची समजली आणि निघाला एकटा म्हातारा.

मामाला कळल्यावर तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं." त्याने तेव्हा फक्त नळाबद्दल म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई पदर खोचून भांडायलाच निघाली. मीही मागे. तळमजल्याच्या खिडकीत दोरेबाबा बसले होते. अंगाने काटकुळे, शर्टावर ठिगळं इतकी की मूळ कापड कोणतं ते त्यांनाच ठाऊक. चष्म्याची डावी काडी मोडलेली, तिला पांढरा दोरा गुंडाळलेला. खिडकीत डबे, डब्यांत रिळं, जगात जितके रंग असतील तितकी. जन्मभर ते एका हॉस्पिटलात फाटलेल्या चादरी शिवायचं काम करत होते, हे मागाहून कळलं.

"तुम्ही पैसे का घेत नाही?" आईने थेट विचारलं.

ते गोंधळले. "कशाचे?"

"शिवणाचे!"

"अहो बाई, मी माझ्या बोटांसाठी करतो. रिकामी राहिली की आखडतात."

"तुमची बोटं मोकळी राहतात आणि माझं घर जातं, त्याचं काय?" आईचा आवाज फुटला. "माझा हप्ता या हातांवर आहे. तुमच्याच हातचं काम बघून मी इथे घर घेतलं. मला वाटलं, इथे चार माणसं माझं काम ओळखतील!"

दोरेबाबांनी हातातली सुई मांडीवरच्या छोट्या उशीला टोचली. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझ्या फ्रॉकची बाही आतून उलटी केली आणि शिवण बोटाने चाचपली.

"हे तुम्ही शिवलंत? कोऱ्या कापडातून?"

"मग काय!"

"मला नाही येत," ते म्हणाले. "नवं काही मी कधी शिवलंच नाही. हातात आलं ते फाटलेलंच आलं. कोऱ्या कापडाला कात्री लावायची म्हटलं की हातच पुढे होत नाही बघा."

भांडण तिथेच विझलं. आई खोचलेला पदर सोडून वर आली.

त्यानंतर काही दिवसांत काकू एक शर्ट घेऊन आल्या. "दोरेबाबा म्हणाले, यात आता दोरा धरायला जागा नाही. वरच्या बाईंकडून नवा शिवून घ्या." पाठोपाठ कुणाची पॅंट आली, कुणाचा परकर. दोरेबाबांचा शब्द म्हणजे त्या गल्लीत डॉक्टरचा शब्द. त्यांनी संपलं म्हटलं की संपलं. मशीन खडखडू लागलं आणि बाबांचा जीव भांड्यात पडला.

पण आई मूर्ख नव्हती. असाच आलेला एक शर्ट तिने उजेडात धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तो घेऊन ती तडक खाली गेली.

"बाबा, हा अजून चालला असता. खांद्याला एक ठिगळ आणि बस. तुम्ही मुद्दाम करताय. मला भीक नको."

"भीक कसली? मला दिसत नाही आताशा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सुईत दोरा जात नाही. म्हाताऱ्या माणसाचे डोळे अधू झाले म्हणून तू भांडायला येतेस होय, पोरी?"

आई वरमली. आणि मग आमच्या घरात एक नेम सुरू झाला. सकाळी मशीनवर बसण्याआधी आई खाली जायची आणि त्यांच्या उशीला टोचलेल्या सगळ्या सुया ओवून ठेवायची. लाल, काळा, निळा, पांढरा. ती घाईत असली की मी जायचे. दोरेबाबा डोळे बारीक करून म्हणायचे, "कोण? पोरगी का? ये ये." माझं सगळं बालपण त्या खिडकीपाशी सुया ओवण्यात गेलं. जुन्या कापडाचा, साबणाचा आणि उन्हाचा तो वास आजही कुठे आला की मी जागच्या जागी उभी राहते. गल्लीत कप्पी करकरायची, वरून मशीनचा आवाज यायचा, आणि मला वाटायचं, हे असंच चालणार. मला ते घर फार आठवतं. इतकं आठवतं, की म्हणून कुठलाच फ्लॅट पसंत पडत नसावा.

वर्षं गेली. आईने गल्लीतल्या पोरांना शाळेचे कपडे शिवले, त्याच पोरांना नोकरीच्या मुलाखतीचे शर्ट शिवले. आणि एका दुपारी बाबा शेवटचा हप्ता भरून आले, चपला न काढताच पलंगावर बसले आणि म्हणाले, "झालं. आपलं झालं."

आई कुणालाही सांगायच्या आधी खाली धावली. दोरेबाबांनी ऐकलं, मान डोलावली. "छान झालं, पोरी," एवढंच म्हणाले आणि हातातल्या कामाकडे वळले.

दोन-चार दिवसांनी काकू जिन्यात भेटल्या. काखेत जुना शर्ट होता, चांगलाच विरलेला. आईने सवयीने टेप काढली.

"नको हो," काकू म्हणाल्या. "दोरेबाबा म्हणाले, अजून दोन वर्षं सहज जाईल. ठिगळ लावून देतो म्हणाले. चष्मा बदललाय म्हणे त्यांनी."

काकू निघून गेल्या. आई टेप हातात धरून जिन्यातच उभी राहिली. मग घरात आली, कपाट उघडलं आणि बाबांचा एक शर्ट काढला. कॉलर विरलेली होती. तिने स्वतः चहा उकळेपर्यंत ती उलटवून लावली असती. पण तो शर्ट घेऊन ती खाली निघाली. इतक्या वर्षांत तिने दोरेबाबांना कधी काम दिलं नव्हतं. मी तिच्या मागोमाग गेले.

त्यांनी शर्ट घेतला, कॉलरीवरून बोट फिरवलं. "जाईल अजून," म्हणाले. उशीवरची रिकामी सुई उचलली, रिळाचा दोरा दातांनी तोडला आणि माझ्याशी बोलता बोलता, सुईकडे धड न बघता, एका फटक्यात ओवला.

आई त्यांच्या चष्म्याकडे बघत होती. डाव्या काडीला तोच पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

"चांगला आहे हो बाबा, नवा चष्मा," ती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडू लागली.