‘वन मोअर’ सर

सरांनी पहिल्या टेकला ‘ओके’ म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. नट जीव ओतून रडलेला असायचा, लाइटवाले टाळ्या वाजवायच्या बेतात असायचे, आणि सर शांतपणे म्हणायचे, “छान झालं. वन मोअर.” युनिटमध्ये त्यांचं नावच ते पडलं होतं. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी भटजींनाही हेच ऐकवलं. भटजी बिचारे खरंच पुढचं मंगलाष्टक घ्यायला निघाले.

मी त्यांची एडिटर. अंधेरीत एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमची एडिट रूम. सर कांदिवलीहून यायचे, माझ्या मागच्या खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. डायरेक्टर असून पडद्याकडे बघायचेच नाहीत, नुसते ऐकायचे. “खोटं कानाला आधी कळतं, बाय. डोळे फार लाडावलेले असतात,” म्हणायचे. मालवणी फक्त दोनदा बाहेर पडायची, फार खूश असले की आणि फार भडकले की.

शेवटची फिल्म त्यांनी सात-आठ वर्षं मनात घोळवली होती. बायकोची स्मृती गेलीय आणि नवरा तिला त्यांच्या संसारातली एकच दुपार रोज पुन्हा जगायला लावतो. तीच साडी, तेच जेवण, तेच भांडण. तिला आठवेपर्यंत तो सोडत नाही. दिंडोशीतल्या एका फ्लॅटमध्ये शूटिंग चाललं होतं. एका दुपारी तिथून असिस्टंटचा फोन आला. “ताई, वाट लागली यार. कालचा सीन सर आज परत घेतायत. अख्खा.” मी हसले. “सर आहेत ते. घेऊ दे ना.” सगळ्यांनी तेच म्हटलं. जन्मभर ‘वन मोअर’ म्हणणारा माणूस विसरायला लागलाय, हे कुणाच्या डोक्यात येणार? असा घोळ आमच्याच युनिटमध्ये होऊ शकतो.

मला ते कळलं फुटेजमधून. शॉटच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं प्रेक्षकाला ऐकू येत नाही, एडिटरला येतं. आदल्या दिवशीच्या शॉटनंतर सरांचा आवाज होता, “हा फायनल. आता याला कुणी हात लावायचा नाही.” दुसऱ्या दिवशी, त्याच सीनच्या आधी, तोच आवाज, “चला, आज पहिल्यांदाच हा सीन घेतोय, सावकाश घेऊ.” मी हेडफोन काढून ठेवला. भीती वाटली, सरळ सांगते.

एडिटिंगला बसल्यावर ती भीती रोजची झाली. शेवटच्या शॉटमध्ये बायको किंचित हसते. “हसू काढ. तिला काही आठवलेलं नाही,” असं सर सोमवारी म्हणायचे. मंगळवारी डोळे उघडून विचारायचे, “तिचं हसू कुठेय? कोणी काढलं?” मी परत लावायची. बुधवारी पुन्हा काढायची. सकाळी त्यांच्या बायकोचा, काकूंचा, फोन यायचा, “निघालेत गं. पोचले की मिस्ड कॉल दे.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इकडे निर्माता वैतागला होता. महिनाअखेर फिल्म लॉक झाली नाही, म्हणजे यापुढे एकही फ्रेम हलणार नाही असं ठरलं नाही, तर ती दुसऱ्याच डायरेक्टरकडून पुरी करून घेणार होता.

शेवटी एका दुपारी मी सरांना हेडफोन दिला आणि ते दोन्ही आवाज ऐकवले. त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.” मी लावलं.

“हा माझाच आवाज?”

“हो सर.”

“खोटा नाही वाटत कुठलाच,” म्हणाले आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हसू ठेव. आज मला पक्कं कळतंय, ते हवं. उद्या लॉक कर. आणि उद्या मी आलो तर मला आत घेऊ नकोस. उद्या येईल त्याला हे काही ठाऊक नसेल. कबूल?”

मी कबूल म्हटलं. मला रडू येत होतं, ते तेवढे मजेत खारी खात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. मी आतून कडी घातली होती. आधी बेल, मग थापा, मग मालवणी. “दार उघड गो. माजी फिलिम आसा ती.”

“सर, तुम्हीच काल सांगितलंत, आत घेऊ नकोस म्हणून.”

“मी? कधी? खोटा बोलतंस.” आवाज चढत गेला. शेजारच्या ऑफिसातले लोक बाहेर आले. “चोर आसा ही. माजी फिलिम चोरल्यान.”

आत लॉक केलेली फिल्म साउंडवाल्यांसाठी एक्स्पोर्ट होत होती. दोन पावलं टाकली की कडी हाताला लागली असती. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले. मी फोन केल्यावर काकू रिक्षा करून आल्या आणि त्यांना घेऊन गेल्या.

फिल्म लागली, सरांच्या नावाने, तिच्या हसण्यासकट. लोक त्या हसण्याबद्दल भरभरून बोलले. सर आता काकूंनाही ‘तुम्ही’ म्हणतात आणि मुलाला ओळखत नाहीत. मला ओळखतात. मी महिन्यातून एकदा कांदिवलीला जाते, समोर बसते, काकू चहा देतात, आणि सर त्यांना हळूच बजावतात, “हिच्यापासून सांभाळा. चोर आहे.” मी चहा पिते. दिलेला शब्द पाळला, एवढंच मला सांगायचं असतं, पण ज्या सरांना सांगायचं ते आता त्या घरात नाहीत.