टेकलेली पाठ
हाताला अजून तालमीच्या मातीचा, तेला-ताकाचा वास आहे. महायुद्धाच्या दिवसांत आष्ट्याला तंबूत सिनेमा आला होता. एकही कुस्ती न हरलेला माझा थोरला भाऊ त्यात गुंड झाला होता. पडद्यावर लुकड्या नायकानं त्याला उताणं पाडलं आणि तालमीचे वस्ताद असलेले वडील ताडकन उठले. “आवं आबा, खोटं हाय त्ये,” मी म्हणाले. “पाठ तर खरी टेकली न्हवं?” म्हणत ते चालू लागले. दिवाळीला भाऊ आला, तालमीच्या दारात माती कपाळाला लावायला वाकला, तर आबांनी त्याचं मनगट धरलं. “पडायला शिकलास, आता माती कशाला रं?” तो तालमीत पुन्हा आला नाही, सिनेमात मात्र जन्मभर पडत राहिला. आज सकाळी तो गेल्यावर त्याला जमिनीवर घेतलं, तेव्हा तालमीतली मूठभर माती आणून मीच त्याच्या कपाळाला लावली. अडवायला आबा नव्हते, वाकायला तोही नव्हता.