कोपऱ्यातलं टेबल

इकडे परदेशात, वेस्टमीडला, आमच्या लॅबसमोर एका तुर्की बाईची खानावळ आहे. घरदार सोडून या देशात आलेल्या बायकांना ती तिथे कामाला घेते. लंचला मी तिच्याकडचं मसूर डाळीचं सूप पिते आणि इकडेतिकडे बघत बसते. ती माझी जुनी खोड आहे.

अधूनमधून कोपऱ्यातल्या टेबलावर एखादी बाई अवघडून बसलेली दिसायची. मालकीण बाकीच्या गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून तिला स्वतः वाढायची, पाव मोडून हातात द्यायची, सुपावर लिंबू पिळायची. बाई उठायला लागली की खांद्यावर हात ठेवून तिला परत बसवायची. मला वाटायचं, कुणी बडी पाहुणी असणार. पण दुसऱ्या दिवशी तीच बाई एप्रन बांधून आत कांदे चिरत असायची.

शेवटी न राहवून मी विचारलंच.

"माझ्याकडे पहिल्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, बसून जेवायचं," मालकीण म्हणाली. "स्वयंपाक सगळ्यांना येतो. कुणीतरी वाढतंय आणि आपण नुसतं बसायचं, हे मात्र शिकवावं लागतं. एकीने तर जेवता जेवता टेबल पुसून काढलं."

मला हसू आलं. "आणि तू कधी बसतेस?" मी विचारलं.

खांद्यावरचं फडकं काढून तिने माझं लख्ख टेबल पुसलं आणि म्हणाली, "सूप वाढू अजून?"