दसऱ्यानंतर थांबणारा पट्टा

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात लांब पल्ल्याचे कन्व्हेयर बेल्ट डिझाइन करायचो. हे काम संशयी माणसालाच जमतं. पट्टा कुठे फाटेल, खडी कुठे सांडेल, ब्रेक कधी दगा देईल, दिवसभर डोक्यात तेच. हळूहळू ती नजर माणसांवरही जाते. भाजीवाल्याने हसून कोथिंबिरीची जुडी दिली, तरी मी ती उलगडून बघायचो.

घोटीपलीकडच्या डोंगरातून धरणाच्या कामावर खडी नेणारा आमचा पट्टा नवाच होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो मध्येच थांबू लागला. अशा पट्ट्याच्या कडेने शेवटपर्यंत एक दोरी असते. कुणी अडकलं तर ती ओढायची, की जवळचा खटका पडतो आणि पट्टा थांबतो. दर वेळी पडलेला खटका एकच, मधल्या मोटरजवळचा. तिथे पाड्यावरचा एक वयस्क माणूस राखणीला असे. साइटच्या मॅनेजरने निकाल देऊन टाकला होता, "हाच ओढतो. उद्यापासून याला घरी बसवतो."

डिझाइनमध्ये दोष नाही एवढं सांगायला मला बोलावलं होतं. मला दोघांचाही संशय आला. मॅनेजरला घाई फार होती आणि राखणदार मान वर करत नव्हता.

"खरं सांगा मामा, दोरी ओढलीत?"

"मी नाय हात लावला, साहेब."

"मग दुसरं कोण येतं इथे?"

"कोनी नाय येत."

हे तर त्याच्याच अंगावर येणारं उत्तर होतं. मी त्याला समोरच्या आंब्याखाली बसवलं आणि मोटरपाशी बसून त्याच्या हातांवर नजर ठेवली. तो तंबाखू मळत होता. दुपारी डोंगरावरून वारा सुटला. खट्कन आवाज झाला आणि पट्टा थांबला. त्याचे दोन्ही हात मांडीवरच होते.

मी वळून पाहिलं. दसऱ्याची पूजा तिथेच झालेली. मोटरला, कठड्याला, जिथे तिथे झेंडूच्या माळा. त्यातली एक जाडजूड माळ दोरीलाच बांधलेली होती आणि वाऱ्याने हेलकावे खात दोरी ओढत होती. पूजेच्या फुलांवर संशय घ्यायचं माझ्यासारख्यालाही सुचलं नव्हतं.

"ही कुणी बांधली?"

"मोठ्या साहेबांनी." त्याने मॅनेजरच्या ऑफिसकडे मान वळवली. "पूजा तेच करीत व्हते."

माळ सोडली. संध्याकाळपर्यंत पट्टा एकदाही थांबला नाही. मॅनेजरला सांगितलं तर तो खो खो हसला. "घ्या! देवानेच ब्रेक लावला की! मामा, मनावर घेऊ नका. उद्या या कामावर." मला त्या हसण्याची चीड आली.

राखणदार हसला नाही. "येतो साहेब," तो म्हणाला. "पन एकला नाय थांबायचा. माझ्यावर नजर ठेवायला कुनीतरी द्या. पट्टा परत थांबंल, आन् तवा माझ्या साक्षीला वारा नसंल."