माझी गाडी नापास करणारे मिस्त्री

"इच्यात मी माह्या पोरीले बसवीन का?"

गाडी तपासून झाली की मिस्त्री तिच्या टपावर डावा तळहात टेकवून उभे राहत आणि हा प्रश्न विचारत. प्रश्न आम्हा मालकांना नसे, स्वतःलाच असे. मग थोडा वेळ ते गप्प. तेवढ्यात रांगेतल्या माणसाचा जीव वरखाली होई. उत्तर 'हो' आलं तर ते टपावर दोनदा थाप मारत. 'नाही' आलं तर थाप नाही, खिशातून पेन काढत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या एका 'नाही'वरून तुम्ही आठ दिवस त्याला शिव्या घातल्या. माझं शिव्यांवर थांबलं नाही, म्हणून सांगतो आहे.

गोंदियात मोबाइलवरून बोलावायच्या टॅक्सी सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. मी गोरेगावचा. एका राइस मिलची व्हॅन चालवायचो. मिल बंद झाली, तेव्हा नागपूरहून एक जुनी पांढरी गाडी आणली. आरटीओचे कागद झाले, पिवळी नंबरप्लेट लागली. उरली होती फक्त कंपनीची स्वतःची तपासणी. ती पास झाली की ॲपवर आपलं नाव सुरू, आणि आपण टॅक्सीवाले.

ही तपासणी बायपासवरच्या एका टिनाच्या शेडमध्ये व्हायची आणि ती करायला कंपनीनं मिस्त्रींना ठेवलं होतं. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात खाकी शर्ट, गळ्यात दुपट्टा. कंपनीनं त्यांना झोपून सरकायची चाकांची फळी दिली होती. ती भिंतीला उभी असे. मिस्त्री तांदळाचं रिकामं पोतं जमिनीवर अंथरत आणि त्यावरून गाडीखाली जात. बाहेर फक्त चपला दिसत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हॉर्न वाजवायला लावला. वाजवला.

"हे गाडी आहे का बकरी, जी?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. मग मागच्या सीटखाली दडपलेला पट्टा त्यांनी दोन बोटांनी बाहेर ओढला. "याले काऊन झोपवून ठेवलं? जागं करा याले." स्टेपनीत हवा नव्हती, एक ब्रेकलाइट लागत नव्हता. कागदावर चार गोष्टी लिहून त्यांनी मला परत पाठवलं. मला राग आला नाही. चारही कामं मी दोन दिवसांत करून घेतली.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्या पुढे तीन गाड्या होत्या. मी मिस्त्रींसाठी चहा आणला. "मी चहा नाही पेत," ते म्हणाले, पण बाजूला बसवून घेतलं. त्यांचा उजवा हात थरथरत होता. पहिल्या दिवशीही पाहिला होता, आज विचारलं.

"कोहमाऱ्याले गॅरेज होतं. टरक जॅकवरून सरकला. हात वाचला, पन तवापासून असाच नाचते." त्यांनी हात माझ्यासमोर धरला, एखादी गंमत दाखवावी तसा. मग शेजारचा पाना उचलला. हात एकदम स्थिर. "पाहिलं? काम देल्लं का गप बसते."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुमची पोरगी कुठं असते?"

"पोरगी? नाही जी. दोन पोरं आहेत."

"मग ते रोज विचारता ते?"

ते जरा लाजले. "मनात धरा लागते. पोराले बसवीन का म्हटलं तं मन ढिलं पडते. पोरगं काय, उडी मारून निघून जाईन. पोरगी धरली का नजर नीट फिरते."

त्याच बैठकीत त्यांनी आपल्या आज्याबद्दल सांगितलं. त्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या तलाव बांधायचं काम. आजा रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून चालायचा. खेकड्यानं कुठं भोक पाडलं का, ते पाहायचा. दिसलं की तिथंच बसून मातीनं बुजवायचा, मगच घरी येऊन न्याहारी. "मी तेच करून राहिलो," मिस्त्री म्हणाले, "फक्त पाळीच्या जागी गाडीचं पोट आहे."

माझा नंबर आला. हॉर्न पास, पट्टा पास, दिवे पास. गाडी जॅकवर चढली. त्यांनी डावं चाक वरखाली धरून हलवलं, मग खाली लोखंडी टॉमी घालून उचकटून पाहिलं. पुन्हा हलवलं. मला बोलावलं. "ऐका."

एक बारीकसा खट् आवाज येत होता.

"बॉल जॉइंट गेला. हा सुटला तं चाक बाहेर पडते."

हे मला नवीन नव्हतं. गोरेगावच्या मेकॅनिकनं आधीच सांगितलं होतं, आणि सहा महिने काही होत नाही असंही सांगितलं होतं. मला त्यातलं दुसरं वाक्य आवडलं होतं. शिवाय रविवारी गाडी सुरू होणार हे मी गावभर सांगून बसलो होतो. बायकोनं हार सांगून ठेवला होता. साळ्याला जेवायला बोलावलं होतं.

"दहा दिवसांत बदलतो मिस्त्री. आज पास करा."

"मग दहा दिवसानं या."

"सगळे माझ्याकडं पाहून राहिले."

"त्याईले पाहू द्या. चाक मी पाहून राहिलो."

पुन्हा हशा पिकला. या वेळी मी हसलो नाही. मिस्त्रींनी टपावर हात टेकवला, प्रश्न विचारला आणि पेन काढलं.

बाहेर चहाच्या टपरीवर आणखी एक नापास झालेला ड्रायव्हर उभा होता. म्हणाला, "बुढ्ढा पीके आता होगा. हाथ देखा उसका?"

हात का थरथरतो ते मला माहीत होतं. अर्ध्या तासापूर्वी त्यांनी स्वतः सांगितलं होतं. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, नाही रे, तसं नाही. मी म्हटलं, "हो ना." मग गाडीत जाऊन बसलो, मोबाइल उघडला, तक्रारीचं पान काढलं आणि लिहिलं, तपासणी करणारे दारू पिऊन कामावर असतात, त्यांचा हात थरथरतो. दुसरा भाग खरा होता. पहिला खोटा त्याच्याच आधारानं उभा राहिला. पाठवताना बोट जरासुद्धा अडलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते.

दहा दिवसांनी गेलो तर शेडमध्ये नवा माणूस होता. त्यानं गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, एक आतला काढला, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. गाडी पास. टपरीवाला म्हणाला, "मिस्त्रीले काढलं. कोनी कंप्लेंट केली म्हणते." मी स्वतःला समजावलं, एका माणसाच्या तक्रारीवर कोणी कोणाला काढत नाही, आणखीही आल्या असतील. बॉल जॉइंट मी बदलला नव्हता. आता गाडी पास होती ना.

चार महिने बरे गेले. मग एके दिवशी कोहमाऱ्याहून भाडं आलं. दिवस भरलेली एक पोरगी आणि तिची आई. गोंदियाच्या दवाखान्यात जायचं होतं. पोरीला कळा सुरू झाल्या होत्या, म्हणून मोकळ्या हायवेवर मी गाडी चांगलीच दामटली. गोरेगावात आलो तर बाजाराचा दिवस. भाजीवाले रस्त्यापर्यंत पसरलेले, म्हणून माणूस चालतो तेवढ्या वेगानं निघालो. तेवढ्यात खालून कडाड् आवाज आला आणि गाडी डाव्या बाजूनं बसली. उतरून पाहिलं तर चाक आडवं बाहेर पडलेलं.

कोणाला काही झालं नाही. लोकांनी पोरीला दुसऱ्या गाडीत बसवलं. तिची आई जाता जाता मला म्हणाली, "भाऊ, देवानं वाचवलं." पाच मिनिटांपूर्वी मी हायवेवर होतो हे तिला कुठं माहीत होतं? संध्याकाळी दवाखान्यात फोन केला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडलो.

गाडी दुरुस्त झाल्यावर टपरीवाल्याला मिस्त्रींचं गाव विचारलं आणि घर शोधत बोदलकशाला गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. वाक्यही ठरवलं होतं. दुपारची वेळ होती. मिस्त्री अंगणात कोणाची तरी पाण्याची मोटर खोलून बसले होते. माझ्याकडे न पाहता आधी गाडीकडे पाहिलं.

"बदलवला का?"

"हो."

"पाहू."

पोतं अंथरलं आणि गाडीखाली गेले. मी त्यांच्या चपलांकडे पाहत उभा राहिलो. बाहेर येऊन म्हणाले, "चांगला बसवला. कोनं केलं?" मी नाव सांगितलं. चाक निघाल्याचं सांगितलं, बाजाराचं सांगितलं, पोरीचं सांगितलं. ते ऐकत होते. "बाळंतीन बरी आहे ना?" एवढंच विचारलं.

मग जेवायला बसवलं. भात आणि तलावातल्या मासोळीचं कालवण. त्यांच्या बायकोनं ताट माझ्यासमोर जरा आपटूनच ठेवलं. वाढताना ती म्हणाली, "दारू पेतात म्हणून काढलं जी याईले. ज्यानं कधी सुपारी नाही खाल्ली त्याले."

"जाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "भात वाढ त्याईले."

आता बोलायला हवं होतं. घास तोंडात होता. मी तो गिळला आणि दुसरा घेतला.

जेवणानंतर ते खाटेवर बसले, मी खुर्चीवर. ते मोटरकडे वळले नाहीत. काम अर्धवट पडलेलं असताना त्यांना असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आनखी काही होतं का जी?"

"नाही. इकडं आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "काही काम असन तं सांगा."

"नाही, नाही."

"बरं. या मग." रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि माझ्या गाडीचा दरवाजा त्यांनी स्वतः लावून दिला.

घरी येऊन मी तक्रार मागे घ्यायचा प्रयत्न केला. ॲपवर उत्तर आलं, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, धन्यवाद. कंपनीचा फोन लावला तर एक यंत्र बोलायचं, एक दाबा, दोन दाबा. तेव्हा वाटलं, पुन्हा बोदलकशाला जाऊ आणि तोंडानंच सांगू. मग धानकापणी आली, दिवाळी आली, लग्नसराई आली. भाडी चांगली मिळत होती. तुम्ही म्हणाल, तासाभराचा तर रस्ता. हो, तासाभराचाच.

गेलो तेव्हा उन्हाळा लागला होता. अंगणात मिस्त्रींची बायको मोहफुलं वाळत घालत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "पौषात गेले. सकाळी उठले, पानी मांगतलं, मी घेऊन आली तं संपले होते."

मी तिथंच खाली बसलो. मग सांगितलं. तक्रार मी केली होती, हाताचं कारण मला माहीत होतं, तरी केली. तिनं फुलं पसरवणं थांबवलं नाही.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "कंपनीचा कागद आलता. त्याच्यात तुमच्या गाडीचा नंबर होता. तुमी आले त्या दिवशी यायनं मले नंबर दाखवला. मी म्हटलं, कायले जेवाले घालता? तं म्हणे, इतक्या दूरून आला, सांगालेच आला असन. सांगू दे त्याले, मधात बोलू नको."

तिनं टोपलीतली उरलेली फुलं ओतली.

"तुमी गेले तं मोठा वेळ रस्त्यावरच उभे होते. मी म्हटलं, काय पाहून राहिले? तं म्हणे, अर्ध्यातून वापस येईन तो."

एवढं बोलून ती मोहफुलांची रिकामी टोपली घेऊन आत गेली.

त्या दिवशी, त्यांच्याकडे जेवून परतताना, तिरोड्याच्या फाट्यावर मी खरोखरच गाडी थांबवली होती. रस्त्याच्या कडेला घेतली, तोंड बोदलकशाकडं फिरवलं आणि इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं बसून राहिलो. मग मोबाइल वाजला, भाडं आलं, आणि मी गाडी पुन्हा वळवली.