उजव्या चौकटीतली सही

"माझ्या सहीशिवाय इथं पान हलत नाही." दिवसातून एकदा तरी ते हे म्हणायचेच. कधी कामगारांना, कधी बायकोला, आणि ऐकायला कुणी नसलं तर दाढी करता करता आरशाला. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते सुपरवायझर होते. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत, पाठ वळली की अर्धेसाहेब. पुरा साहेब म्हणजे मॅनेजर. तो वरच्या थंड खोलीत बसायचा आणि वर्षातून दोनदा खाली उतरायचा.

अर्धेसाहेबांचा हात मात्र बघत राहावा असा होता. वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा साच्यात पडतो, साचा मिटतो, उघडतो, बाटली बाहेर येते. दर वीस मिनिटांनी त्या साच्याला आतून काळ्या तेलाचा बोळा फिरवावा लागतो, आणि त्यासाठी यंत्र थांबत नाही. साचा उघडा असतो तेवढ्यात हात आत जाऊन बाहेर यायला हवा. उशीर झाला तर बोटं जातात, घाई झाली तर बाटलीला तडा जातो. अर्धेसाहेबांचा हात आत जायचा तो गाईच्या पाठीवरून फिरावा तसा, सावकाश आणि न घाबरता. आठ तासांतले सहा तास ते साच्यांपाशीच असत. कोपरापर्यंत हातावर एक केस उरला नव्हता. म्हणून बाहेर पडताना ते लांब बाह्यांचा सदरा घालून मनगटाची बटणं लावत.

कामगारांना सांगत, "माझं काम नव्हे हे. तुमचं काम बघवत नाही, म्हणून हात घालतो."

रजेच्या अर्जावर खाली दोन चौकटी असत. डावीकडे सुपरवायझरची शिफारस, उजवीकडे मॅनेजरचा निर्णय. मॅनेजर खाली यायचा कंटाळा करायचा आणि फोनवर हो किंवा नाही सांगायचा. अर्धेसाहेब डावी चौकट कोरी सोडत आणि उजवीकडे स्वतःची झोकदार सही ठोकत. तसं करायला त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. एकदा मॅनेजरनं ते पाहिलं, हसला आणि जाऊ दिलं. बावीस वर्षं असंच चाललं.

मग साच्यात आपोआप तेल फिरवणारा लोखंडी हात आला. त्याच आठवड्यात अर्धेसाहेबांना चार ओळींचं पत्र मिळालं, उद्यापासून येऊ नये म्हणून. वय त्रेपन्न. दुसरं काम येत नव्हतं.

वकीलबाईंनी त्यांना नीट समजावून सांगितलं. कायदा हुद्दा बघत नाही, रोज प्रत्यक्ष काय काम केलं ते बघतो. हातानं काम करणारा कामगार ठरलात तर असं एका पत्रानं काढता येत नाही, परत घ्यावं लागेल. माणसांवर अधिकार गाजवणारे ठरलात तर कामगार न्यायालयात तुमचं काही ऐकूनच घेणार नाहीत.

"म्हणजे मी साधा कामगार आहे, असं सांगायचं?" भर बाजारात कपडे उतरवायला सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

घरी बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा की शपथेवर, साहेब नव्हतो म्हणून. मला तर लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं."

साक्षीदार हवा होता. एकोणीस वर्षं शेजारच्या यंत्रावर उभा असलेला एकच माणूस होता. कमी बोलतो म्हणून त्याला सगळे मुका म्हणत. पण मुक्याकडे जायला अर्धेसाहेबांचे पाय उचलेनात. आठ वर्षांपूर्वी मुक्याची बायको बाळंतपणात अडली होती आणि त्यानं दोन दिवसांची रजा मागितली होती. मॅनेजर फोनवर नाही म्हणाला. अर्धेसाहेबांनी उजव्या चौकटीत 'नामंजूर' लिहून सही केली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मी नाही देत. यापुढं मला विचारून अडत जा म्हणावं बायकोला." दोघं-चौघं हसले. ऑपरेशनच्या कागदावर सही करायला घरचं कुणी नव्हतं. माणूस शोधण्यात दोन तास गेले. मूल गेलं.

शेवटी ते गेले. मुक्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. अर्धेसाहेबांनी एका दमात सांगून टाकलं. रजा मी नाकारली नव्हती, मॅनेजरनं नाकारली होती. माझ्या हातात कधीच काही नव्हतं. एवढंच कोर्टात सांग.

मुका त्यांच्या मनगटाच्या बटणांकडे बघत म्हणाला, "साहेब, हे तेव्हा सांगितलं असतं तर मी वर जाऊन त्याचे पाय धरले असते. कुठलं दार वाजवायचं तेच तुम्ही कळू दिलं नाही."

मुक्यानं पाण्याचा पेला उचलला.

"येईन मी. खोटं बोलणार नाही. कानांनी ऐकलं तेवढं सांगेन."

तो आला, आणि कानांनी ऐकलं तेवढंच त्यानं सांगितलं. वकीलबाईंनी विचारलं, साच्यांना तेल हे स्वतः लावायचे ना? मुका म्हणाला, लावायचे, आमच्यापेक्षा चांगलं. वकीलबाईंना हायसं वाटलं. मग कंपनीच्या वकिलानं विचारलं, ते त्यांचं काम होतं का? मुका म्हणाला, नाही. माझं काम नव्हे, असं ते स्वतःच सांगायचे. रजा कोण द्यायचं? हेच. नाकारायचं कोण? हेच. मॅनेजर नाकारतात, असं कधी म्हणाले?

"नाही. 'मी नाही देत' म्हणाले."

वकिलानं रजेच्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. एकेक उलटत न्यायाधीशांनी विचारलं, उजव्या चौकटीतल्या या सह्या तुमच्याच का? अर्धेसाहेब म्हणाले, सह्या माझ्या, पण निर्णय माझा नव्हता. मग सही का केलीत? बाह्या सरकवून ते हात दाखवू लागले, तेव्हा न्यायाधीश म्हणाले, त्याची गरज नाही, तेल लावत होता हे साक्षीदारानं मान्य केलंच आहे.

महिन्याभरानं निकाल आला. अर्जदार अधिकार वापरणारा पर्यवेक्षक आहे, कामगार नाही, म्हणून अर्ज फेटाळला. पत्र बरोबर होतं की चूक, त्यावर कुणी एक शब्दही बोललं नाही.

बाहेर व्हरांड्यात मॅनेजर भेटला. त्यानं हात पुढे केला. "अभिनंदन. आम्ही तुम्हाला कधी साहेब केलं नाही, कोर्टानं केलं."

अर्धेसाहेबांनी सवयीनं हात मिळवला. मग बाकावर बसलेल्या बायकोला काही न सांगता जिना उतरले, आवार ओलांडलं, आणि फाटकातून कारखान्याच्या उलट्या बाजूला चालू लागले.

मुकाही आला होता, कुणी बोलावलं नसताना. कठड्याला टेकून तो एकटाच त्यांच्याकडे बघत होता, ते दिसेनासे होईपर्यंत. बाकावरच्या बायकोनं एकदा मान वर केली आणि पुन्हा कागदांच्या पिशवीचं तोंड बांधायला घेतलं.