पाच नंबरच्या खाटेवरची सुई

"टायफॉईड आहे," डॉक्टर म्हणाले. टायफॉईड म्हणजे विषमज्वर, आतड्यात भिनलेला ताप. "आता यावर औषध मिळतं. घाबरायचं कारण नाही."

मी घाबरलेच. हे, म्हणजे माझे यजमान, घरच्या गलबतावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. मालवणच्या समुद्रातले खडक त्यांना तोंडपाठ. असा माणूस डोळे मिटून पडलेला, पाणी पाजायचं तर मान धरावी लागे. काढे झाले, अंगारे झाले, मग होडीत निजवून खाडी ओलांडली आणि दवाखाना गाठला. आमच्या लग्नाला फार काळ झाला नव्हता. मनात नको नको ते येत होतं.

वॉर्डात चार नंबरची खाट मिळाली. नंबर भिंतीवर डांबराने रंगवलेले होते. मी गोळ्या आणायला कंपाउंडरकडे गेले तेवढ्यात सासूबाईंना शेजारच्या बाईकडून कळलं की त्याच खाटेवर पहाटे एक माणूस गेला. झालं! मी परत येते तो सासूबाईंचा आवाज व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता.

"ह्या खाटीर सकाळीच माणूस मेलो. माझ्या झिलाक थंय निजवूचा नाय!"

वॉर्डबॉय म्हणाला, दुसरी खाट रिकामी नाही. तेव्हा पाच नंबरवरचे आरोंद्याचे म्हातारे काका उठून बसले. त्यांना डायबिटीस होता. डायबिटीस म्हणजे मधुमेह, रक्तात साखर वाढते. पायाची जखम भरत नव्हती म्हणून ते आले होते.

"माका खंयचीय खाट चलात गो," ते म्हणाले. "तुझो झील तरणो आसा. तेका हयसर निजव."

वॉर्डबॉयने दोघांना एकमेकांच्या खाटेवर हलवलं. सासूबाईंनी काकांना हात जोडले. आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं, मीसुद्धा. मेलेल्याच्या अंथरुणावर जित्या माणसाला निजवायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. सिस्टरांना सांगायला हवं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. खाट बदलली म्हणजे काय मोठंसं बदललं, असंच सगळ्यांना वाटलं.

दुपारी जेवणाच्या आधी एक सिस्टर सुई घेऊन आल्या. काका तेव्हा पायाची पट्टी बदलायला आत गेले होते. सिस्टरांनी भिंतीवरचा पाच पाहिला, यांच्या दंडाला सुई टोचली आणि पुढे गेल्या. मला वाटलं, तापाचीच असेल.

थोड्या वेळाने यांना घाम फुटला. कपाळ, मान, छाती, सगळं ओलंचिंब. अंग गार लागायला लागलं. सासूबाई आनंदाने रडल्या. "घाम इलो गो! ताप उतारलो! देवान आयकल्यान!" त्यांनी तिथेच देवाला नारळ बोलला. मी घाम पुसत बसले. इतके दिवस ज्या घामाची वाट पाहिली तो आला होता. मला देवाचे पाय धरावेसे वाटत होते. यांना शांत झोप लागली म्हणून आम्ही चादर ओढून दिली आणि शेजारच्यांना हळू बोलायला सांगितलं.

काका लंगडत परत आले. पुढ्यात जेवण होतं, पण ते हात लावेनात. सिस्टर दिसल्याबरोबर म्हणाले, "बाय, माझी सुई इली नाय अजून."

"पाच नंबर? दिली की मघाशी."

"मी चारार आसंय."

सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्या आमच्या खाटेकडे धावल्या. मी यांना हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडेनात. दातखीळ बसली होती.

डॉक्टर पळत आले. मला बाजूला लोटून त्यांनी शिरेतून ग्लुकोज, म्हणजे साखरेचं पाणी, द्यायला घेतलं. काकांचं औषध इन्शुलिन, रक्तातली साखर उतरवणारं. यांच्या पोटात घोटभर पेजेशिवाय काही नव्हतं. होती ती साखरही उतरली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी भिंतीला टेकून फक्त ओरडत होते. कुणाला शिव्या देत होते, आठवत नाही. काका स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होते. त्यांचा काय दोष?

हे जागे व्हायला फार वेळ लागला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "चूक आमची झाली. जीव वाचला. पण मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही. कितपत इजा झाली ते आत्ता सांगता येणार नाही." चूक कबूल करणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. त्यांचे उपकार मानावे की गळा धरावा, मला कळेना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला, की खाटेच्या नंबरावर जाऊ नका, माणसाचं नाव विचारा आणि मगच सुई द्या.

ताप गेला. हे घरी आले. हात पूर्वीसारखेच गाठी मारतात, पण सांगितलेलं डोक्यात राहत नाही. बाजाराला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन पायरीवर उभे राहतात. गलबत दिरांकडे गेलं. कधीकधी माझ्याकडे बघत बसतात, ही कोण म्हणून. मी माजघरात जाऊन रडून घेते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर लाजू नका. सुई कोणाची, कशाची, विचारा. रागावले तर रागावू देत. त्या दवाखान्यात उरलेले दिवस मी प्रत्येक सुईला आडवी गेले, आणि घरी रोज तेच बडबडत राहिले.

पुढे माझं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं. सिस्टर सुई घेऊन आल्या. दाराशी बसलेले हे उठले आणि मध्ये उभे राहिले.

"ही सुई कोणाची?"

सिस्टरांनी माझं नाव सांगितलं. हे माझ्याकडे वळले.

"ह्या तुझाच नाव मां गो?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी होय म्हटलं आणि सुईसाठी हात पुढे केला.